दांडा उलटा फिरवा, मास्तर

मित्रांनो, मी एक जुना हलता देखावा आहे. आहे म्हणायचं आपलं! अर्धा वाळूत, अर्धा पाण्यात, असा अकोल्याच्या खाली प्रवरेच्या पात्रात पडलोय. अंगावर खेकडे फिरतात आणि मला त्यांना हाकलताही येत नाही. पण एके काळी मीच फिरत होतो बरं का, आणि लोक टाचा उंचावून बघत होते.

मला केलं अकोल्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी, नृसिंह मास्तरांनी. साल त्रेचाळीस. तिकडे लढाई चालू, इकडे बाजारात धड रंग मिळेना. मास्तर एक नंबरचे हट्टी. गेरू, हळद, चुना आणि काजळी यांतच त्यांनी माझं सगळं भागवलं. घरं रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची, छपरं खऱ्या भाताच्या पेंढ्याची, डोंगर आणि बैल कागदाच्या लगद्याचे, आणि पोटात एका मोडक्या सायकलची साखळी. दांडा फिरवला की बैल चालायचे, बायका विहिरीतून पाणी शेंदायच्या, उंबराची पानं हलायची. मग मागून काळ्या दगडाच्या कपच्यांची धरणाची भिंत वर यायची आणि निळं कापड हळूहळू चढत सगळं गाव झाकून टाकायचं. ते गाव म्हणजे उंबरदरा. त्याच्या वीस वर्षं आधी डोंगरात धरण झालं, तेव्हा खरोखरच पाण्याखाली गेलेलं.

गणपतीत मला चावडीत मांडलं. लोक खूश. पाणी चढलं की वाहवा! मला तर शिंगंच फुटली. फक्त पुढे बसलेली एक म्हातारी त्या निळ्या कापडाकडे टक लावून बघत होती. चांगुणाबाई तिचं नाव. ती उंबरदऱ्याचीच, गाव उठलं तेव्हा अकोल्यात येऊन राहिलेली. सगळे गेल्यावर ती मास्तरांजवळ आली.

"मास्तर, पानी चढतंय ते दिसलं," ती म्हणाली. "उतरत न्हाई का?"

नाही उतरायचं. सायकलचं मागचं चाक कसं असतं तुम्हाला ठाऊकच आहे. सुलटं ओढतं, आणि उलटे पायडल मारले की साखळी नुसती करकर करत रिकामी फिरते. माझंही तसंच होतं. पाणी उतरवायला मास्तर मागे जाऊन कापड हाताने सोडायचे. पण म्हातारीचं बोलणं त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी ते मच्छिंद्र लोहाराकडे गेले आणि साखळीचं चक्र पक्कं जोडून घेऊन आले. त्या दुपारी दांडा उलटा फिरला आणि निळं कापड उतरू लागलं. आधी मारुतीच्या देवळाचा कळस वर आला, मग उंबर, मग छपरं, आणि सगळ्यांत शेवटी चांगुणाबाईचं दार. म्हातारी रडली. रडून झाल्यावर लगेच भांडलीही. विहीर देवळाच्या उजवीकडे कशी आली, ती तर डावीकडे होती! मास्तरांनी मुकाट्याने विहीर हलवली.

तिसऱ्या दिवशी तिने फडक्यात बांधलेली मूठभर माती आणली. घर सोडताना आपल्या अंगणातून उचललेली आणि वीस वर्षं जपलेली. मास्तरांनी ती माझ्या त्या दारापुढे पसरली. मित्रांनो, इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे दर गणपतीत ती येई, दांडा उलटा फिरवायला लावी आणि आपल्या अंगणाकडे बघत बसे. एरवी मी शाळेच्या माळ्यावर धूळ खात पडलेला असायचो. उंदरांनी माझे दोन बैल खाल्ले, मेल्यांनी. पण भाद्रपद येणार हे ठाऊक असल्यामुळे मी सगळं सोसलं.

सेहेचाळीस साली मास्तर हिवतापाने अंथरुणाला खिळले. मग म्हातारीनेच दांडा धरला. शनिवार होता. देऊळ वर आलं आणि तिला राहवलं नाही. त्या नखाएवढ्या मारुतीला तिने शेंदूर लावला, रुईचं पान वाहिलं, माझ्यापुढे नारळ फोडला. मायेपोटी केलं हो तिने. पण सगळं बिघडलं ते तिथेच.

अनंत चतुर्दशीला, उत्सवाचं सगळं बघणारे राधाकृष्णपंत मला माळ्यावर ठेवायला आले. त्यांना शेंदूर दिसला आणि ते थबकले. पुजलेली वस्तू उंदरांत आणि धुळीत कशी टाकायची? देवाबरोबर पाण्यात सोडायला हवी, असं त्यांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना पटलं, आणि दुर्दैव असं की चांगुणाबाईलाही पटलं. मास्तरांना कोणी विचारलं नाही. तापातल्या माणसाला काय विचारायचं?

नदीकाठी पंत म्हातारीला म्हणाले, तुझी माती तेवढी काढून घे. तिने नाही म्हणून मान हलवली.

"घर पान्यात सोडायचं, आन् अंगन घरी न्यायचं व्हय?"

तिने एवढंच मागितलं की गाव वर असताना त्याला जाऊ द्या. म्हणून त्यांनी दांडा उलटा फिरवला. उंबरदरा सगळा उन्हात आला, आणि तसाच त्यांनी मला डोहात सोडला. पोटात लोखंड, पाठीशी धरणाचे दगड; मी क्षणात तळाला गेलो. ते गाव दुसऱ्यांदा बुडालं, आणि या वेळी तिच्याच शेंदरामुळे.

मास्तर बरे झाल्यावर काठावर आले. बरोबरचे लोक म्हणाले, दुसरा करा की. मास्तर म्हणाले, "पत्रा मिळेल हो. ती माती कुठून आणू?" त्यांनी दुसरा केला नाही.

मित्रांनो, तुम्हाला सांगून आता माझं काही व्हायचं नाही, तरी सांगतो. जी वस्तू जिवापाड आवडते, तिला हात लावा, फिरवा, मोडली तर दुरुस्त करा. तिच्या पाया पडू नका. पाया पडलात की ती तुमची राहत नाही.

गेल्या वैशाखात नदी आटली आणि मी उघडा पडलो. चांगुणाबाई आली. तिने दोन्ही हातांनी वाळू उकरून माझा दांडा मोकळा केला आणि उलटा फिरवला. आतली साखळी गंजून कधीच तुटली होती. दांडा रिकामा फिरला. घरं नव्हती, देऊळ नव्हतं, आणि दारापुढची माती नदीच्या गाळात अशी मिसळली होती की तिची कुठली हे मलाही सांगता आलं नसतं. म्हातारीला ते कळत होतं. तरी ती ऊन उतरेपर्यंत दांडा उलटाच फिरवत बसली.