वळणावरचा जोर

तिने वाकून पाइपचं निसटलेलं वळण दोन्ही हातांनी उचललं आणि पार्किंगच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. फरशी धुतली होती, तरी वास नाकात बसला होता. काल सांडपाण्याचा पाइप खाली तुंबला, पाणी वर सात मजले चढलं आणि हे वळण सांध्यातून सुटून पहारेकऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं. पाय वाचेल की नाही, डॉक्टर अजून सांगत नव्हते.

वळणाला टेकू म्हणून तिने नकाशात काँक्रीटचा ठोकळा दाखवला होता. त्यामुळे एक गाडी कमी बसते, म्हणून दादाने तो उडवला. ‘हा पाइप कधी भरतो का?’ म्हणत तिचं बोलणं हसण्यावारी नेलं.

आता तो तिला खांबाआड घेऊन गेला.

“हिशेब तुझा चुकला, असं सांगतो मालकांना.”

“आणि ठोकळा कुणी काढला?”

“माझं नाव गेलं तर ऑफिस गेलं. तुला कोण ओळखतं?”

तिने खांबाआडून पाहिलं. इमारतीच्या मालकांशेजारी बाबा खुर्चीवर बसले होते. इंजिनिअरिंगचं ऑफिस त्यांनीच उभं केलेलं. पाण्याच्या जोराचा हिशेब करायला तिला शिकवलं तेही त्यांनीच. त्यांच्यापुढे दादाची डाळ शिजणार नव्हती.

“बहिणीकडून चूक झाली,” दादा मालकांना म्हणाला. “घरचीच आहे, काय बोलणार?”

मालकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिला विचारलं,

“जोर किती धरला होतास?”

“पाचशे तीस किलो.”

सहा इंची पाइप, सात मजले पाणी. बाबांची बोटं मांडीवर हलू लागली. आकडा जुळला तशी बोटं थांबली. तिचा जीव भांड्यात पडला.

“कमी धरलास, बाळ.”

दादाने रुमाल काढून कपाळ पुसलं.

निघताना पार्किंगच्या चढाशी बाबांनी सवयीने हात पुढे केला. तिने खांदा दिला. वर पोहोचल्यावर तिने त्यांना गाडीत नीट बसवलं.

“तू नाही येत?”

“दवाखान्यात जाते. पहारेकऱ्याची बायको विचारत होती, चूक कुणाची.”

“काय सांगशील?”

ठोकळा दाखवलेला नकाशा तिने काखेत घेतला आणि बाहेरून गाडीचं दार लावलं.