गुरुवारचा इंटरव्ह्यू

"ताई, आज गुरुवार हाय," वॉचमन म्हणाला आणि देवळाच्या दारात येऊन सिनेमाचं तिकीट मागणाऱ्याकडे बघावं तसा मंजुषाकडे बघत राहिला.

"पण मेल आहे ना माझ्याकडे. हे बघा. अकरा वाजता इंटरव्ह्यू. पत्ता हाच आहे."

"पत्ता हाच हाय. वार चुकलाय." त्यानं मोबाइल हातातही घेतला नाही. खिशावरच्या पट्टीवर 'भिमाजी' एवढंच नाव उरलं होतं, पुढचं आडनाव धुऊन धुऊन गेलं होतं. "गुरुवारी सगळा पट्टा बंद. समद्या चाकणला ठाव हाय. तुमी नवीन दिसताय हिकडं."

दुखणं तर तेच होतं. मंजुषा नवीन नव्हती. भोसरीच्या कंपनीत तिनं पाच वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. एमआयडीसीची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. लग्नाचा मुहूर्तसुद्धा तिनं वडिलांच्या मागे लागून गुरुवारचाच काढायला लावला होता; नाहीतर कंपनीतलं एक माणूस पंगतीला आलं नसतं!

सोमवारी मेल आला तेव्हा तिचा नवरा सार्थक जेवता जेवता थांबला होता. "गुरुवारी कोण इंटरव्ह्यू घेतं गं? फोन करून विचार तरी."

"मोठी कंपनी आहे. एचआरवाले सुट्टीलाही येतात."

"तुला कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. पण विचारायची तिला धास्ती बसली होती. मागे तळवड्याच्या एका कंपनीनं नेमकं तान्ह्या जुईच्या लसीच्या डोसाच्या दिवशी बोलावलं, तेव्हा तिनं "एक दिवस पुढे चालेल का?" एवढंच विचारलं होतं. त्यावर "हम बताते हैं" आलं, आणि त्यानंतर जे काही आलं नाही ते आजतागायत नाही. दिलेल्या वेळेला हूं की चूं न करता हजर राहायचं, एवढं ती त्यातून शिकली होती.

येताना कळायला हवं होतं. नाशिक फाट्यावरून बस निघाली ती मोशीला अडकली नाही, चाकणच्या चौकातसुद्धा सुळकन पुढे गेली. एरवी जिथे ट्रेलरमागे ट्रेलर उभे असतात तो रस्ता मोकळा बघून तिला आधी बरंच वाटलं. देव आज आपल्या बाजूनं आहे असं वाटलं. मग सिक्स सीटर रिक्षामधून उतरली तर चहाच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या ओढलेल्या. तरी चालत राहिली.

तिनं नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टन्सीला फोन लावला. तिकडे गुरुग्रामला बसलेली एक मुलगी असायची. नाव दर वेळी वेगळं, आवाज मात्र एकच.

"मॅम, हमारे कॅलेंडर में तो वर्किंग डे है."

"यहाँ गुरुवार को बंद रहता है. पूरा एरिया."

"ऐसा होता है क्या?" पलीकडे क्षणभर खरोखरचं नवल. मग खाडखाड टायपिंग. "ओके मॅम, आप गेट के सामने खडे होके एक सेल्फी भेज दीजिए. बोर्ड दिखना चाहिए. नहीं तो सिस्टम में नो-शो जाएगा. सर को मैं ऑनलाइन जॉइन करवाती हूँ. आप वहीं रहिए."

मंजुषानं ओढणी सारखी केली, बंद गेटकडे पाठ केली आणि फोन उंच धरला. चेहरा आला तर बोर्ड येईना, बोर्ड आला तर नुसतं कपाळ. भिमाजी थोडा वेळ बघत राहिला, मग हात पुढे करून म्हणाला, "आना हिकडं. मी काढतो. सुनंचे काढून काढून हात बसलाय." त्यानं बोर्ड आणि बाई दोन्ही नीट बसवली. "हसा की जरा. नोकरीला आलाय, पोलीस तपासाला न्हाई."

ती हसली. फोटोत ते हसू रडू आल्यासारखं दिसत होतं. तसंच पाठवलं.

कन्सल्टन्सीच्या मुलीचं उत्तर आलं, "सर को मेसेज किया है. थोडा वेट कीजिए."

वेट करणं हे काम आता तिला चांगलंच येत होतं. जुईच्या वेळी सातवा महिना लागला आणि ठेकेदारानं नव्या करारातून तिचं नाव काढून टाकलं. "बाळंतपण आटोपून या, आपलंच घर आहे," म्हणाला होता. आटोपून गेली तर त्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. तेव्हापासून एकेका कंपनीच्या दाराशी असंच बसणं चाललं होतं. मोईच्या कंपनीत सकाळपासून बसवून दुपारी सांगितलं, जागा होल्डवर आहे. निघोज्याला साहेबांनी मशीनचं एक अक्षर विचारलं नाही. बाळ केवढं, सांभाळतं कोण, आजारी पडलं तर सुट्टी कोण घेणार, आणि शेवटी हसून, "आणखी प्लॅनिंग नाही ना?"

तिच्या जुन्या कंपनीतली दीक्षा मग तिच्यावर चांगलीच उखडली होती. "तुला खरं बोलायचा रोग आहे का गं? लग्न झालंय म्हण, मूल नाही म्हण. एकदा आत गेलीस की कोण तपासायला येतंय तुझा पाळणा?"

मंजुषाचा तोंडावर खोटं बोलायचा धीर होईना. पण या वेळी कन्सल्टन्सीच्या मुलीनं फोनवर "किड्स?" विचारलं, तेव्हा ती बोलली नाही. बोलली नाही म्हणजे पलीकडच्या मुलीनं काय लिहून घेतलं, ते देव जाणे.

"आत बसा," भिमाजी म्हणाला. "ऊन चढाय लागलंय." केबिन म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात पडद्याआड मोरी. त्यानं पंखा तिच्याकडे फिरवला आणि स्वतः दाराशी स्टूल घेऊन बसला.

इतक्यात झुलेखाचाचींचा फोन आला. कासारवाडीला शेजारच्याच खोलीत राहायच्या. त्यांच्या कादरचाचांचं गॅरेज खाली रस्त्याला होतं. दोन पोरं मोठी करून बसलेल्या चाचींनी आपणहून म्हटलं होतं, "ठेव माझ्याकडं, घरात पोराचा आवाज नसला की मला गमत नाही."

"झाला का गं इंटरव्ह्यू?"

"अजून नाही चाची. जुई?"

"बाटली तोंडात घेईना झालीय. वाटी-चमचा करून बघितलं, थूथू करून माझी सगळी साडी न्हाऊ घातली. भारी नखरेवाली आहे तुझी बेटी." चाची हसत होत्या, पण मागून जुईचं रडणं येत होतं. जोराचं नव्हे. दमून दमून आलेलं, मध्येच हुंदक्यानं तुटणारं. "तू फिकर नको करूस. नाचणीचं सत्त्व करून भरवते तिला. तू तुझं काम कर."

फोन ठेवला तरी ते रडणं कानात राहिलं. छाती सकाळपासून भरून आली होती, आता दगडासारखी ठणकायला लागली. ती खांदे आत ओढून बसली.

"केवढी हाय?" भिमाजीनं रस्त्याकडे बघतच विचारलं.

"दहा महिन्यांची."

"आंगावर पीत आसंल अजून."

ती लाजली, मग मान हलवली.

"आमची सून बी कंपनीत हाय, कँटीनला. नातू आसाच. आमच्या कारभारणीनं किती येळा त्याला काखंत मारून गेटवर न्हेला. सुपरवायझर बोंबलायचा. कारभारीण म्हणायची, तू नव्हतास का कुनाच्या मांडीवर?"

मंजुषाला सकाळपासून पहिल्यांदा खरं हसू आलं. आणि नेमका तेव्हाच फोनवर मीटिंगची लिंक आली.

तिनं पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर क्वालिटी हेड बोरावके सर आले. अंगात टी-शर्ट, मागे घरातला सोफा, त्यावर उशांचा ढीग.

"सॉरी, सॉरी. वेंधळेपणा आमच्याच लोकांचा. बाहेरची एजन्सी, त्यांना आपला गुरुवार काय कळणार! खूप वेळ बसलात का?"

"नाही सर. ठीक आहे."

माणूस भला वाटत होता. त्यानं कामाचंच विचारलं. भोकाचा व्यास मोजायचा बोअर गेज कसा सेट करता, लॉट रिजेक्ट झाला आणि प्रोडक्शनवाले अंगावर आले तर काय करता. मंजुषाची जीभ सुटली. हे तिला येत होतं. एकदा बारा पार्टांच्या ट्रेसाठी ती सुपरवायझरशी कशी भांडली ते तिनं सांगितलं, तेव्हा सर खळखळून हसले. कुठल्याही इंटरव्ह्यूत इतक्या दिवसांत कुणी तिच्या बोलण्यावर हसलं नव्हतं. मिळणार, असं तिला आतून वाटायला लागलं.

तेवढ्यात पडद्यात खालून एक डोकं वर आलं. दोन-अडीच वर्षांचा मुलगा सरांच्या मांडीवर चढला आणि कॅमेऱ्याला नाक लावलं. "ही मावची कोन?"

"अरे पिल्ला, बाबा कामात आहे ना!" सरांनी त्याला उचलून बाजूला ठेवलं, तसा त्यानं भोकाड पसरलं. उघड्या घशाचं, हक्काचं रडणं. केबिन भरून गेली त्यानं.

मंजुषाच्या छातीत चमक आली. मूल कुणाचं का असेना, अंगाला ते कळत नाही. दोन्ही बाजूंनी कळ येऊन पान्हा सुटला आणि आतून ऊब पसरत गेली. तिनं टेबलावरची सर्टिफिकेटांची फाईल उचलून छातीशी घट्ट धरली.

"सॉरी हं," सर पोराला थोपटत म्हणाले. "बायकोची आज ड्यूटी. सुट्टीच्या दिवशी हा मला हलू देत नाही." मग हसत, अगदी सहज, "तुमच्याकडे नाही ना असला कारभार?"

स्टुलावर भिमाजीची पाठ होती. बाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर एक कुत्रं आडवं पडलं होतं.

"नाही सर," मंजुषा म्हणाली.

"बरंय मग. सुरुवातीला तीन महिने सगळ्यांना रात्रीची थर्ड शिफ्ट असते. लेडीजना बस घरापर्यंत. मुलाबाळांच्या बायकांना फार जड जातं ते, आम्हीही मग त्यांना घेत नाही. तुम्हाला काही अडचण नसावी."

"नाही सर."

"सोमवारी या. कागदपत्रं घेऊन. वेलकम."

पोरानं रडं थांबवून हात हलवला. "टाटा, मावची." मंजुषानं फाईल न सोडता दुसऱ्या हातानं टाटा केला. पडदा काळा झाला.

"गावली?" भिमाजीनं मागे न बघता विचारलं.

"सोमवारी बोलावलंय."

"ब्येस झालं."

पंख्याची कुरकुर तेवढी चालू होती. सार्थकला फोन करायला हवा होता. तो हिंजवडीला कुठल्यातरी गच्चीवर एसी दुरुस्तीला उघडून बसला असेल, ऐकून नाचेल. चाचींना सांगायला हवं होतं. दीक्षा म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं? मंजुषाचा हात फोनकडे जाईना. त्या पोराचा टाटा अजून डोळ्यांसमोर होता.

"लेकीचं नाव काय?" भिमाजी म्हणाला.

"जुई."

"ग्वाड हाय." तो उठला. तिच्या ओढणीकडे, छातीवर दाबून ओल्या झालेल्या फाईलकडे त्यानं पाहिलं नाही, किंवा पाहिल्याचं दाखवलं नाही. खिडकीची काच ओढून घेत म्हणाला, "घरापतुर जायाचं म्हंजी लांब पल्ला. तवर जीव जाईल ठणकून. सुनंचं बघितलंय मी. मोरीत पानी हाय. आतनं कडी लावा, बिनघोर. मी भाईर हाय."

"बाहेर ऊन आहे, मामा."

"मला काय, रोजचंच हाय."

तिनं कडी लावली. पडद्यामागे मोरीवर वाकली आणि ओठ दातांत धरून दूध पिळू लागली. आधी थेंब येईनात, मग धार लागली. फरशीवर पांढरी रेघ उमटायची आणि जाळीकडे निघून जायची. नळ बारीक सोडला तरी ती रेघ लगेच पुसली जाईना. कासारवाडीला चाची नाचणीचं सत्त्व ढवळत असतील.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी टेम्पोवाला असावा.

"काका, माल उतरवायचाय."

"गुरुवार हाय. बंद."

"च्यायला! बरं, जरा तोंड तरी धुऊ द्या. केबिनीत पाणी असेल ना?"

"केबिन बी बंद."

"नळाचा आवाज येतोय की. आत कुणी आहे का?"

मंजुषाचा हात थांबला.

"न्हाई," भिमाजी म्हणाला. "आत कुनीबी न्हाई."

तिनं नळ बंद केला नाही. कडेला हात टेकवून तशीच उभी राहिली, आणि गाडी निघून गेल्याचा आवाज आल्यावर पुन्हा वाकली.