वीस फुटांवरचा तक्ता

मी एक जुना, पत्र्याचा, डोळे तपासायचा तक्ता आहे. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे आणि खालचा एक कोपरा गंजून गेला आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांनी कधी डोळे दाखवले असतील त्यांनी माझ्यासारखा एखादा भाऊबंद नक्की पाहिला असेल. वर मोठे अक्षर आणि खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी. माझ्यावर मात्र अक्षरे नाहीत, तीन दातांच्या काळ्या फण्या आहेत. कुठल्या फणीचे दात वर, कुठलीचे खाली, कुठलीचे उजवीकडे तर कुठलीचे डावीकडे. ज्याला लिहितावाचता येत नाही, त्यानेही हाताने दात दाखवावेत म्हणून मला असे केले. माझ्यावर सात ओळी आहेत. समोरच्या माणसाने वीस फुटांवर बसायचे आणि एक डोळा झाकून मला वाचायचे.

१९६९ साली सांगलीत अनंत पेंटरने मला रंगवले. तो दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरत असे. डॉक्टर मधुकर सोमण यांनी त्याला कागदावर मापे लिहून दिली होती. ती पाहून अनंत म्हणाला, "डॉक्टर, रेघ जराशी इकडंतिकडं झाली तर काय बिघडतंय?"

"पाटी नाही ही, अनंता. रेघ चुकली तर माणसाचा नंबर चुकेल."

मग अनंतने कंपास आणि फुटपट्टी घेऊन तीन दिवस माझ्यावर घालवले. सर्वांत खालच्या ओळीसाठी त्याने दोन केसांचा कुंचला वापरला. त्यानंतर डॉक्टरांनी मला कापडात गुंडाळले आणि कऱ्हाडला नेले. तिथे त्यांचा नवा दवाखाना होता. खोली वीस फूट लांब नव्हती. त्यामुळे तपासायचे स्टूल दाराबाहेर पडवीत ठेवावे लागे आणि माणूस पडवीतून माझ्याकडे पाहत असे.

पाच वर्षांत माझ्यासमोर किती डोळे येऊन गेले, याची गणती नाही. मोतीबिंदूने पांढरे झालेले म्हाताऱ्यांचे डोळे आले. साथीत लाल होऊन चिकटलेले डोळे आले. बाहत्तरच्या दुष्काळात कवठे महांकाळकडची काही मुले इकडे नातेवाइकांकडे आली होती. दिवेलागणीला ती उंबऱ्याला अडखळून पडत. डॉक्टर त्यांना औषध देत आणि आयांना सांगत, "पालेभाजी द्या, पपई द्या, गाजर मिळालं तर गाजर द्या. रातांधळेपणा आहे, पण वेळेवर आलात." डॉक्टर माझी तारीफही करत. "हा तक्ता कुणाची भीड धरत नाही," असे म्हणत.

ते खरे होते. माझ्या मनाला काही लागत नसे. दिसले तर दिसले, नाही दिसले तर नाही. रोज तेच बघून पत्र्यासारखा पत्रा झालो होतो मी.

१९७४ च्या जूनमध्ये एका सकाळी उंब्रजकडच्या एका गावाहून बापलेक आले. बाप हंबीरराव, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पाठीचा कणा ताठ. मुलगा कृष्णात, अठरा वर्षांचा, अंगाने भरलेला. कृष्णात साताऱ्याला भरतीला गेला होता. तो मैलभर धावला, उंचीत बसला, छातीत बसला. डोळ्यांच्या तपासणीत मात्र त्याला परत पाठवले.

"आमच्या घरातली तिसरी पिढी ही," हंबीरराव म्हणाले. "ह्याला जायचं न्हाई म्हनून सोंग करतंय. डोळं चांगलं हायत त्याचं. रानातनं उडालेलं पाखरू सांगतंय. तुमी बघा आन् तसं कागदावर लिहून द्या."

डॉक्टरांनी कृष्णातला स्टुलावर बसवले आणि डावा डोळा झाकायला सांगितला. उजव्या डोळ्याने त्याने माझ्या सातही ओळी न थांबता दाखवल्या. हंबीररावांनी मान हलवली.

"आता उजवा झाक."

कृष्णातने उजवा झाकला. मी त्याचा डावा डोळा पाहिला. काळाभोर, स्वच्छ. फूल नाही, तिरळेपणा नाही. तरी तो डोळा माझ्यावर ठरेना.

"वर कायतरी काळं हाय," कृष्णात म्हणाला.

"दात कुठे आहेत?"

"दात दिसत न्हाईत."

"आधी कधी कळलं नाही तुला?"

"दोन्ही डोळं उघडं असल्यावर समदं दिसतंय की. एक झाकून कोन बघतंय?"

डॉक्टरांनी बॅटरीने डोळा पाहिला, औषध घालून पुन्हा पाहिला, एकामागून एक भिंगे लावून पाहिली. चांगले भिंग लावल्यावर कृष्णातने दुसरी ओळ कशीबशी दाखवली. तिसरीला हात खाली आला.

डॉक्टर हंबीररावांजवळ येऊन बसले. "पोरगा सोंग करत नाही. डोळा आतून निरोगी आहे. पण लहानपणापासून या डोळ्याला मोठा नंबर होता, त्यामुळे त्यातून अंधुक दिसायचं. दुसरा डोळा स्वच्छ दाखवत होता. मग मेंदूनं या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं. याला आळशी डोळा म्हणतात."

"मानूस आळशी असतो. डोळा कसा आळशी असंल?"

"नाव तसं पडलंय. त्याच्याकडे कुणी कामच मागितलं नाही, म्हणून तो शिकला नाही."

"मग चष्मा द्या."

"चष्म्यानं फार तर दुसरी ओळ दिसते, ते आत्ता पाहिलंत. पाच-सहा वर्षांचा असताना आणला असता तर पुष्कळ फरक पडला असता. आता माझ्याकडे उपाय नाही."

मग कृष्णातने विचारले, "म्हंजी फौज न्हाई?"

"नाही."

"बरं," कृष्णात म्हणाला. त्याने सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि तो उठला. चेहऱ्यावर काही नव्हते. पुढे पाच वर्षे मी त्याला पाहत आलो, पण त्या 'बरं'मागे काय होते ते मला कधी कळले नाही.

डॉक्टरांनी त्याला दारात थांबवले. "घरात लहान भावंड आहे? हे एकाच घरात पुन्हा होऊ शकतं."

"विजयमाला हाय. सा वर्साची."

"तिला घेऊन ये."

"तिला काय पलटणीत जायचंय?" हंबीरराव म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

आठ दिवसांनी कृष्णात एकटाच बहिणीला घेऊन आला. घरी बाजाराला जातो म्हणून सांगितले होते. विजयमालाने दोन वेण्या घातल्या होत्या आणि फण्यांचा खेळ तिला आवडला. डावा डोळा झाकून तिने भराभर हात दाखवले. उजवा झाकल्यावरही तितकेच भराभर दाखवले. डॉक्टर वहीत लिहू लागले.

कृष्णात मात्र तिच्याकडे वाकून पाहत होता. "विजे, बोटं मिटव. फटीतनं बघतीस."

त्याने आपला तळहात तिच्या उजव्या डोळ्यावर घट्ट धरला. पोरीचा हात हवेत तसाच राहिला.

"दादा," ती म्हणाली, "पाटी कुटं गेली?"

कृष्णातने हात काढला नाही. डॉक्टरांकडे पाहून त्याने विचारले, "हिला वेळ हाय?"

"हिला आहे," डॉक्टर म्हणाले.

उपाय ऐकायला सोपा होता. डाव्या डोळ्यासाठी नंबराचा चष्मा रोज लावायचा. त्याशिवाय दिवसातून चार तास चांगला उजवा डोळा पट्टीने झाकायचा आणि डाव्याकडून काम करून घ्यायचे. मणी ओवायचे, जोंधळे निवडायचे, पाटीवर गिरवायचे. तेही महिना-दोन महिने नव्हे, वर्ष-दोन वर्षे.

करायला मात्र तो फार अवघड होता. हे मला कळले ते दोन महिन्यांनी, त्यांची आई शालूबाई पोरांबरोबर आली तेव्हा. पट्टी लावली की विजयमालाला पायाखालचे नीट दिसत नसे, ती रडे. शाळेतली मुले तिला 'काणी' म्हणून हाक मारत. शेजारणी शालूबाईंना म्हणत, "चांगला डोळा झाकून पोरीला आंधळी कराय लागलायसा व्हय? लगीन कसं व्हायचं?" एक दिवस हंबीररावांनी चष्मा आणि पट्टी दोन्ही उचलून उकिरड्यावर फेकले.

"मग?" डॉक्टरांनी विचारले.

शालूबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "मग काय, डाक्टर. ह्या कृष्णातनं फडकं घेतलं आन् सोताच्या उजव्या डोळ्यावर बांधलं. पोरीला म्हनला, चल, आपुन दोघं जोंधळं निवडू. दोघं सोप्यात बसली. हातानं चाचपून खडं काढायची. ह्येंनी बघितलं. मग रानात गेलं आन् बांधाच्या त्या टोकाला जाऊन हुबं ऱ्हायलं. तिथनं हाक न्हाई, का काय न्हाई. मला म्हनलं हुतं, इच्यार त्याला, त्यो कोन हुबा हाय."

"मग काय म्हणाला कृष्णात?"

उत्तर कृष्णातनेच दिले, पडवीतून, खाली बघत. "म्हनलं, कोनतर मानूस हाय. वळखत न्हाई."

"बापाला वळखलं न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "ह्ये तसंच हुबं. मग मागारी आलं, उकिरडा उकरला, चष्मा काढला, हौदावर धुतला आन् धोतराच्या सोग्यानं पुसून पोरीच्या नाकावर ठेवला. त्या दिसापासनं घरात पट्टीचं नाव कुनी काढत न्हाई."

त्यानंतरच्या खेपेला हंबीरराव स्वतः मुलीला घेऊन आले. स्टुलावर ती नीट बसली की नाही ते पाहिले आणि तिचा उजवा डोळा स्वतःच्या हाताने झाकला. घड्याळ लावून रोज चार तास ते तिच्याजवळ बसत. फौजेतली शिस्त त्यांनी तिथे लावली. मुलाची माफी त्यांनी मागितल्याचे मी कधी ऐकले नाही. कृष्णातनेही त्याची वाट पाहिल्याचे दिसले नाही.

दिवाळीपर्यंत विजयमालाला डाव्या डोळ्याने माझी पहिली ओळ दिसली. पुढच्या उन्हाळ्यात तिसरी. मग वर्षभर ती तिसरीवरच अडून राहिली. डॉक्टर "चालू ठेवा" एवढेच म्हणत. १९७६ च्या पावसाळ्यात एक दिवस तिने पाचवी ओळ दाखवली, एकही चूक न करता. हंबीररावांनी डॉक्टरांना विचारले, "सातवी कवा?"

"कदाचित कधीच नाही. पाचवीही खूप आहे, हंबीरराव. या डोळ्यानं ती पुस्तक वाचेल. उजव्याला उद्या काही झालं तरी तिचं अडणार नाही."

हंबीररावांनी पुन्हा विचारले नाही.

त्याच वर्षी दवाखान्यात आतून दिवा लागणारा नवा तक्ता आला. मला खिळ्यावरून काढले. बोळाकडच्या खिडकीची काच फुटली होती, तिथे मला ठोकून बसवले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझे तोंड बोळाकडे होते. ऊन लागले, पाणी लागले, कोपरा गंजला. बोळातून माणसे जात-येत, पण मला कुणी वाचत नसे. वाईट वाटले का, असे विचाराल तर खरेच सांगतो, आठवत नाही.

विजयमालाच्या शेवटच्या तपासणीला आलेल्या कृष्णातने मला ओळखले. त्याने डॉक्टरांकडे मला मागून घेतले आणि एसटीत मांडीवर ठेवून गावी नेले. तेव्हापासून दर जूनमध्ये तो मला गावच्या शाळेत घेऊन येतो. वीस फूट मोजून जमिनीवर रेघ मारतो आणि पहिलीच्या प्रत्येक मुलाला तिथे उभे करतो. डोळा तो स्वतःच्या तळहाताने झाकतो. मुलांच्या बोटांवर तो विश्वास ठेवत नाही. तीन वर्षांत अशी दोन मुले सापडली, ज्यांना एका डोळ्याने पाटीच दिसत नव्हती. ती दोघेही बाहेरून अगदी धडधाकट होती, विटीदांडूत पुढे होती, आणि त्यांच्या आईबापांना आधी खरे वाटले नाही. कृष्णात त्यांच्या घरी गेला, अंगणात बसला आणि ते कऱ्हाडला जायला तयार होईपर्यंत उठला नाही.

या वर्षी, १९७९ मध्ये, शाळेत उमाबाई नावाच्या नव्या बाई आल्या आहेत. मुले संपल्यावर त्या म्हणाल्या, "कृष्णातराव, तुमचे डोळे कुणी बघितले का? या, रेघेवर उभे राहा."

कृष्णात रेघेवर जाऊन उभा राहिला. त्याने उजवा डोळा झाकला आणि माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"वर कायतरी काळं हाय," तो म्हणाला.

मग हात खाली घेऊन तो वळला आणि बाईंना म्हणाला, "बाई, आज गैरहजर पोरं किती? ती उद्या बघू."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहा आणि एकेक डोळा झाकून पाहा. धाकट्या भावंडालाही उभे करा आणि त्याचा डोळा तुम्ही स्वतःच्या हाताने झाका. काही वेगळे वाटले तर आईबाबांना सांगा, डॉक्टरांकडे चला म्हणा, आणि ते उद्यावर ढकलू लागले तर त्यांच्यासमोरून हलू नका. पट्टी लावलेले मूल वर्गात दिसले तर त्याला नाव ठेवू नका. ते त्या वेळी शाळेतल्या कुणाहीपेक्षा अवघड काम करत असते.