सतरा मिनिटं

"यात माझ्या बाबांचं नाव कुठं आहे?" असं विचारत त्या बाईंनी पुस्तक माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

पुस्तक म्हणजे आमच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा साठ वर्षांचा इतिहास, आणि लिहिणारा मी, फुटबॉल महासंघाचा निवृत्त हेडक्लार्क. उभ्या आयुष्यात मी चेंडूला पाय लावलेला नाही, पण कुणी कितव्या मिनिटाला गोल केला हे मला झोपेतून उठवून विचारावं. प्रस्तावनेत अध्यक्षांनी मला 'चालतंबोलतं दफ्तर' म्हटलंय, आणि ते पान मी पाहुण्यांना स्वतः उघडून दाखवतो.

बाईंचे वडील डाव्या पायाचे खेळाडू. परदेशातल्या एका सामन्यात बदली म्हणून उतरलो आणि सतरा मिनिटं खेळलो, असं ते जन्मभर सांगत आले. घरात कुणी फुशारकी मारली की 'झाली याची सतरा मिनिटं सुरू' म्हणायची पद्धतच पडली होती. मागच्या महिन्यात जावयानं हे पुस्तक आणून सगळ्यांसमोर ते पान काढलं. नाव नव्हतं.

"सगळे हसले. मीही हसले," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून ते फुटबॉलचा विषयच काढत नाहीत. खोटं असेल तर तसं सांगा. मी त्यांना पुन्हा कधी विचारणार नाही."

मी चष्मा लावला, पान चाळल्यासारखं केलं आणि म्हणालो, "दफ्तरात नोंद नाही."

"मग तसंच असेल," म्हणून त्या गेल्या. चहासुद्धा घेतला नाही. बायकोनं विचारलं, एवढा घाम कशाला आलाय तुम्हाला?

नोंद नव्हती, कारण मी केली नव्हती. त्या दौऱ्यात तीन दिवसांत दोन सामने झाले. पंचांच्या चिठ्ठ्यांवरून मी एकाच कागदावर दोन्ही सामन्यांची माहिती टाइप करत होतो. दुसऱ्या सामन्यातही तेच अकरा जण, म्हणून पहिल्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' ठोकलं, आणि त्याच भरात बदली खेळाडूंच्या रकान्यातही. साहेबांना घरी जायची घाई आणि मला सिनेमा गाठायची. आठवड्यानं वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात हा माणूस डावीकडून चेंडू घेऊन पळताना दिसला. तेव्हाच साहेबांकडे जायला हवं होतं. पण महिनाभरात मी नोकरीत कायम होणार होतो, म्हणून तोंड शिवून बसलो. पुस्तक लिहितानाही तो कागद हातात आला होता. माझं दफ्तर चुकतं हे कुणाला कळू नये, म्हणून मी पुढचा कागद घेतला. लाज कशाची वाटायला हवी होती आणि मी कशाची बाळगली!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. म्हातारा खाटेवर बसून मटार सोलत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी खेळलो होतो?" त्यांनी विचारलं.

"खेळला होतात. त्र्याहत्तराव्या मिनिटाला उतरलात, उपकर्णधाराच्या जागी."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "महिनाभर रोज आठवून बघतोय. मैदान आठवतं, लोकांचा आवाज आठवतो. पण छापलेलं थोडंच खोटं असणार? मलाच वाटायला लागलं, आपण बाकावरच बसून राहिलो असू."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्यांनी आत हाक मारली. मुलगी हात पुसत बाहेर आली आणि मला बघून दारातच थांबली.

"तिला सांगा," ते म्हणाले. "मी सांगून उपयोग नाही."

"काल मी तुमच्याशी खोटं बोललो," मी म्हणालो. पुढचं सगळं फरशीकडे बघतच सांगितलं.

त्या वडिलांच्या शेजारी जाऊन बसल्या, मटारची परात त्यांच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवली.

"बाबा," मग त्यांनी हलकेच विचारलं, "पहिला चेंडू तुमच्याकडे कुठून आला?"

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, डावा पाय पुढे घेतला आणि सांगायला सुरुवात केली. मला कुणी 'बसा' म्हटलं नाही. मी दाराशी उभा राहून ती सतरा मिनिटं पूर्ण ऐकली.