न वाजलेली उडी

मित्रांनो, मी एक मल्लखांब आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. बोंडापासून कमरेपर्यंत गेलेली ही चीर तुम्हाला दिसतेच आहे. खाली बांधलेल्या शेळीकडे लक्ष देऊ नका. ती हल्लीची आहे. माझी गोष्ट तिच्या आधीची आहे, आणि ती सांगायला बसलो की मला अजूनही अंगाला नुकतेच तेल लावल्यासारखे वाटते.

मी सातपुड्यातला साग. देश स्वतंत्र झाला त्या हिवाळ्यात मला तोडले आणि बैलगाडीत घालून तापीपलीकडून नरडाण्याजवळच्या या गावात आणले. गावच्या तालमीला स्वतःचा खांब हवा होता. सुताराने मला तासले, रंधा मारून गुळगुळीत केले. वर गोल बोंड काढले, त्याखाली बारीक मान आणि खाली रुंद होत गेलेले अंग. मग पटांगणात खोल खड्डा घेऊन मला पुरले. पुरले म्हणताच वाईट वाटून घेऊ नका. आम्हा मल्लखांबांचा जन्मच पुरल्यावर होतो.

एरंडेलाचा पहिला हात मला तोतारामनानांनी लावला. तरुणपणी नाना या भागातले नावाजलेले खेळाडू होते. एकदा पडून खांदा निखळला तो निखळलाच. त्यांनी खांब सोडला, पण बघणे सोडले नाही. समोरच्या निंबाच्या पारावर त्यांची जागा ठरलेली असे. तिथे दुसरे कोणी बसले, तर गावातले कुत्रेसुद्धा त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघे.

नाना काय बघत? चुका बघत. नमस्कार करताना घाई करणारा त्यांना आवडत नसे. जणू याची गाडी सुटते आहे, असे ते म्हणत. उतरल्याबरोबर लंगोट सावरणाऱ्याचा त्यांना राग येई. बोंडावर आसन लावून लोकांकडे बघून हसणारा तर डोळ्यांसमोर नको असे.

“दात कसाले दखाडस?” ते पारावरून ओरडत. “दात दखाले उनूत का आम्ही?”

पायाचा पंजा ताणलेला नसला की म्हणत, “अरे, पंजा दख तुना! वला फडकाना मायक लोंबी ऱ्हायना.” आणि उडी जड पडली, धप्प आवाज आला, की सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असे विचारत, “माणूस उतरना का ज्वारीनं पोतं पडनं?”

पोरे हिरमुसत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. नानांनी कधी कोणाला ‘छान’ म्हटल्याचे मी ऐकले नाही. त्यांनी काढलेली चूक लहान निघाली, की पोरे पेढा मिळाल्यासारखी हसत घरी जात. लहान चूक हेच आमच्या गावातले बक्षीस होते.

पाराच्या कडेला सुंदरबाई फुटाण्यांची टोपली घेऊन बसे. तिचे स्वतःचे राग वेगळे होते. उशिरा येऊन पुढे उभा राहणारा तिला खपत नसे. एका आसनात दहा करामती कोंबणाराही खपत नसे. कापसाची गाडी इतकी भरायची कशाला की बैलांनी मानच टाकावी, असे तिचे म्हणणे. सगळ्यात जास्त राग शालिग्रामभाऊंवर. नागपंचमीच्या जाहीर खेळात ते पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून माहिती सांगत. पोरगा नुसता नमस्कार करायला आला तरी त्यांचे ‘अद्भुत, अद्भुत’ सुरू होई.

“शालिग्रामभाऊ, भोंगा बंद करा,” सुंदरबाई डोळ्यांवर बोट ठेवून म्हणे. “आमले डोया शेत ना!”

एका पंचमीला कुठल्याशा शहरातला संघ आला होता. चकचकीत कापडाच्या चड्ड्या, त्यांवर टिकल्या, तोंडाला पावडर. त्या टिकल्यांनी माझ्या अंगावर असे ओरखडे काढले की काय सांगू! तेव्हा मात्र नाना आणि सुंदरबाई दोघेही एका सुरात कुरकुरले, आणि मीही मनातल्या मनात त्यांत सूर मिसळला.

तुम्हाला वाटेल, काय ही खडूस माणसे! मलाही आधी तसेच वाटे. पण उन्हाने पार तापलेला असला तरी ही माणसे जागची हलत नसत. ज्याची आवड नाही, त्यातल्या चुका काढायला एवढा वेळ कोण बसेल?

आता गिरधरबद्दल सांगतो. मिसरूड फुटायच्या वयात तो तालमीत आला आणि माझ्या अंगावरच मोठा झाला. शेकडो पोरांनी मला मिठी मारली, पण गिरधरची मिठी निराळी होती. दुसरे मला आवळत, हा मला धरी. दसरंग करताना, म्हणजे उलटे होऊन चढताना, त्याचे पाय वर जात तेव्हा मला कुठे ओढ लागत नसे. सुईदोरा करताना तो स्वतःच्या हाताच्या फटीतून असा निघून जाई, की नेमका कधी गेला ते मलाही कळत नसे. तो अंगावर चढला की मला माझे झाडपण आठवे. मी त्याचे कौतुक करून थकणार नाही. तुम्हीच मला आवरा.

त्याला खोड एकच. बोंडावर आसन स्थिर झाले, की त्याची नजर पाराकडे जाई. नाना काय म्हणतात?

“खांबले दख!” नाना ओरडत. “माले कसाले दखस?”

पुढे पुढे हा ओरडा बंद झाला. गिरधरला वाटले, आपली खोड गेली. खोड गेली नव्हती, ते मला पक्के ठाऊक होते. बंद झाले होते ते नानांचे डोळे.

हे गावात फक्त मला कळले होते. रोज सकाळी नाना मला तेल लावायला येत. पूर्वी ते सरळ चालत येत. नंतर आधी काठी येऊन मला लागे, मग हात. त्यांची बोटे माझी मान शोधत, बोंड चाचपत. कोणी समोर आले तर आवाज येईपर्यंत ते थांबत. पण पारावर बसले की तेच जुने नाना. तळवा घसरला तर त्यांना तो कुईं आवाज ऐकू येई. पंजा सैल सुटला, की तो लाकडाला घासे आणि तेवढ्यावरून ते चूक पकडत. उडी तर काय, आवाजावरूनच कळते. एका वर्षी त्यांनी पंचमीचा बँड बंद करायला लावला. प्रत्येक संघ त्याच त्या सिनेमाच्या चालीवर खेळतो, कान किटले, असे कारण दिले. लोकांना पटले. खरे कारण मला माहीत होते. बँडमध्ये त्यांना मी ऐकू येत नसे.

नानांनी सांगितले का नाही? मित्रांनो, ज्याला सारे गाव ‘नानांची नजर’ म्हणून मानते, त्याने नजर गेली हे कोणत्या तोंडाने सांगावे? ती पारावरची जागाच त्यांचे सर्वस्व होती.

असे असताना गिरधरचे सुरतेला जायचे ठरले. तिथे गिरणीत त्याच्या मामाने काम बघून ठेवले होते. नागपंचमीचा खेळ झाला, की दुसऱ्या दिवशीची गाडी. आदल्या संध्याकाळी तो एकटाच मला तेल लावत होता. लावता लावता मला म्हणाला, “एकडाव नानानी चांगलं म्हणाले पाहिजे. मंग मी सुखमा जासू.”

मी काय बोलणार? पण बघणाऱ्यालाच आता दिसत नाही, हे मला ठाऊक होते.

पंचमीच्या दुपारी पटांगण माणसांनी भरून गेले. आमच्या गावची एक रीत होती. नाना बोलल्याशिवाय टाळी वाजवायची नाही. एकदा भलत्या वेळी टाळी वाजली आणि एका पोराचा तोल गेला, तेव्हापासूनची ही शिस्त. त्या दिवशी तर शालिग्रामभाऊंनीसुद्धा सुंदरबाईच्या धाकाने भोंगा मांडीवर ठेवला होता. गिरधरचे नाव मात्र त्यांनी मोठ्याने पुकारले.

गिरधर आला. शांतपणे नमस्कार केला. आणि चढला.

कसे सांगू मी तुम्हाला! आजवर माझ्या अंगावर एवढे नितळ काम कोणी केले नव्हते. तळव्याचा आवाज नाही, श्वासाचा नाही, लाकडाची कुरकुर नाही. दसरंगातून बगलेच्या पकडीत आणि तिथून सुईदोऱ्यात तो पाण्यासारखा वाहत गेला. बोंडावर त्याने मयूरासन लावले तेव्हा पंजे असे जुळले होते, की जणू एकच पाय. तिथून त्याने सवयीने पाराकडे पाहिले. नानांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. मग तो उतरला. उडी मातीवर पडली की नाही, हे मलासुद्धा कळले नाही. त्याने लंगोट सावरला नाही. दात दाखवले नाहीत. हात जोडून नुसता उभा राहिला.

सगळे पटांगण श्वास धरून पाराकडे बघत होते. नाना मान किंचित कलती करून बसले होते. थोड्या वेळाने ते जरा चिडून म्हणाले,

“चढ ना आते, भो! कितली वाट दखाडस?”

चढून उतरलेल्या पोराला ते ‘आता चढ’ म्हणत होते. कोणी हसले नाही. एवढा मोठा अपमान या पटांगणात कधी कोणाचा झाला नव्हता. गिरधरने सदरा उचलला, खांद्यावर टाकला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. मी पुरलेला. हाक मारायला तोंड नाही, मागे जायला पाय नाहीत. त्या दिवसाइतके स्वतःचे लाकूडपण मला कधी टोचले नाही.

सुंदरबाई टोपली बाजूला सारून उठली.

“नाना, तो चढना बी आनि उतरना बी,” ती म्हणाली. “तुमले दिसनं नही का?”

नानांना हवे असते तर अजूनही वेळ मारून नेता आली असती. ‘असले काम मी चढण्यात धरत नाही’ एवढे म्हटले असते, तरी गावाने मान डोलावली असती.

“नही,” नाना म्हणाले. “माले दिसत नही, सुंदरबाई. बराच दिन व्हयनात.”

“मंग आतेलोंग चुका कश्या काढ्यात?”

“ऐकीसन काढ्यात. आज काहीच ऐकू उनं नही. माले वाटनं, पोऱ्या आजून चढनाच नही.” मग आवाज चढवून म्हणाले, “बोलाव त्याले!”

सुंदरबाई त्या वयातही धावत गेली. गिरधर विहिरीवर माती लावून अंगाचे तेल धुऊन टाकत होता. तिने काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. तो परत आला तेव्हा नाना पारावर नव्हते. काठी टेकत ते माझ्यापाशी आले होते आणि त्यांचे दोन्ही तळवे माझ्या अंगावर होते.

“नाना,” गिरधर म्हणाला. “माले वाटनं, तुम्ही मनं काम मोजमाच धरं नही.”

“आंधया माणूस काय मोजी?” नाना म्हणाले. “पण खांब अजून गरम शे. तू चढना व्हता, हाई तो सांगस. आनखी एकडाव चढ. मी हात लाईसन दखस.”

गिरधरने पुन्हा तेल लावले. नाना माझ्या बुडाशी मातीत बसले आणि दोन्ही हातांनी मला धरून राहिले. वरून गिरधरचे बळ माझ्यात उतरत होते आणि खालून ते नानांच्या हातांत जात होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला दोन्ही टोकांनी कोणीतरी समजून घेत होते. नानांची बोटे मध्येच थबकत, मध्येच सरकत. दसरंगाला त्यांचा निखळलेला खांदा आपोआप उचलला गेला.

गिरधर बोंडावर पोचला. आसन लागले. पटांगणात पान हलत नव्हते. आणि माझ्या अंगातून केसाएवढा एक झोल खाली गेला. मान वळली की तोल तेवढा सरकतो.

नानांनी तो पकडला. आंधळे डोळे वर उचलून ते ओरडले,

“खांबले दख, भो! माले कसाले दखस? मी आठेच शे.”

ते ‘इथेच आहे’ ऐकून वर गिरधर रडत होता. त्याच्या डोळ्यांचे पाणी माझ्या मानेवरून ओघळत खाली आले आणि नानांच्या बोटांना लागले. मग टाळ्या वाजल्या. कोणी सुरू केल्या ते समजले नाही, आणि नानांनी कोणाला अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी गिरधर सुरतेला गेला. नाना शेवटपर्यंत माझ्या बुडाशी बसत, पारावर नाही. त्यांच्यानंतर तालमीकडे फिरकणारे कमी झाले. माझे तेल सुटले, चीर पडली, शेळी आली.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षीच्या नागपंचमीला गिरधर आला. त्याचे सुरत आणि आमचे गाव आता दोन राज्यांत होते. त्याने शेळी सोडून बाजूला बांधली, चिरेवरून हात फिरवला, घरून आणलेले एरंडेल चोळले आणि जपून चढला. बोंडावर आसन लावून त्याने सवयीने खाली, माझ्या बुडाकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. तेव्हा त्याने नजर उचलून माझ्यावर आणली आणि तिथेच ठेवली.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी वाट बघतो आहे. चीर आहे, पण गाभा अजून चांगला आहे. कोणीतरी थोडे तेल घेऊन या. आणि तुमच्या चुका काढणारे एखादे माणूस अजून पारावर बसत असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला नीट दिसते ना, तेही एकदा विचारा.