गप्प करणारी तार

मिस्त्री पायलटच्या सीटखाली उताणा पडला होता; डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर. आत शिरण्याआधी त्याने इंजिनाच्या प्लगच्या तारा काढून ठेवल्या होत्या, ही त्याची जुनी सवय. दातांत बॅटरी धरून त्याने किल्लीच्या स्विचमागचा गुंता बाजूला सारला. सकाळपासून कंबरेचा पार भुगा झाला होता.

“सापडलं का काही?” बाहेरून म्हाताऱ्याने विचारलं. विमान त्याचं. काल किल्ली बंद केली तरी इंजिन धडधडतच राहिलं होतं. शेवटी पेट्रोलचा पुरवठा तोडला तेव्हा कुठे ते थांबलं.

“एक तार तुटलीय.”

तुटली नव्हती, कापली होती. टोकाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, जखम बांधावी तशी नीटनेटकी. म्हाताऱ्याची मुलगी नर्स होती. दोनदा बापाला चक्कर आली, त्यातली एक तर हवेत, तेव्हापासून ती ‘उडू नका’ म्हणून त्याच्या हातापाया पडत होती. म्हातारा ऐकेल तर शपथ.

बिचारीने घरातल्या दिव्याचा हिशेब इथे लावला होता: तार कापली की काम बंद. पण विमानाच्या इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो बाहेरच्या विजेवर चालत नाही; आपली ठिणगी आपणच पाडतो. ही तार असते ती त्याला गप्प करायला. ती नसली, की किल्ली बंद असतानाही पंख्याला हाताने हिसका बसला तर इंजिन उठून बसतं. आणि म्हातारा रोज सकाळी पंखा हाताने फिरवत पाती पुसायचा. मिस्त्रीने तारेवरची पट्टी सोडवून घेतली.

तो कण्हत बाहेर आला आणि त्याने चिकटपट्टी म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्याने चष्मा पुसून ती पाहिली. मग स्टूल ओढून बसला.

“ही तार कशाची, ते तिला ठाऊक असेल?”

“असतं तर हात लावला असता का तिने?”

म्हाताऱ्याने पट्टीची घडी घातली.

“मग कळायलाही नको. काल इंजिन थांबेना तेव्हा ती ड्युटीवर होती, तिला त्यातलं काही ठाऊक नाही. तिला सांग, इंजिन सुरूच होत नाही. आणि दुरुस्त होण्यासारखंही नाही.”

“कॅप्टन, तासाभराचं काम आहे हो.”

“मला सांगतोस?”

मुलगी ड्युटीवरून परस्पर आली. डोळे ओढलेले, गणवेश चुरगळलेला.

“काय झालं, काका?”

“सुरूच होत नाही, ताई. आता याचा नाद सोडलेला बरा.”

मिस्त्रीला खोटं कधी साधत नसे. आज थकलेल्या आवाजाने ते निभावून नेलं. मुलीचे खांदे सैल पडले, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

“वाईट वाटतंय ना, बाबा?”

“वाटतंय,” म्हातारा म्हणाला. एवढं मात्र खरं होतं.

विमानापाशी जाऊन तिने पंख्याच्या पात्यावर हात टेकला.

“हात काढ.” दोघंही एकदम म्हणाले. प्लगच्या तारा काढलेल्या आहेत, इंजिन उठणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

“का? बंद पडलंय ना?”

“ग्रीस आहे. हात खराब होतील.” म्हाताऱ्याने उठून तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

तिने तळहात उलटा करून पाहिला. डाग कुठेच नव्हता. पातं लख्ख होतं; काल सकाळीच बापाने पंखा हाताने फिरवत ते पुसलं होतं.