दोन वेलींचा पांगारा

मी एक जुना पांगारा आहे. उभा आहे असे म्हणण्यापेक्षा कललेला आहे असे म्हणणे अधिक खरे ठरेल. मित्रांनो, माझी लाल फुले वर्षातले थोडे दिवस डोळ्यांत भरतात. एरवी कौतुक करावे असे माझ्याकडे फारसे काही नाही. लाकूड हलके आणि पोचट, त्याचा धड पाटही होत नाही. कुणीतरी कुंपणाचा खुंट म्हणून मला जमिनीत रोवले होते. खुंटाने खुंटासारखे राहावे, पण मला पालवी फुटली आणि तेव्हापासून माझ्यामागे काम लागले.

पुढे घरातल्या दोन भावांनी चुली वेगळ्या केल्या. परसाच्या मधोमध ठेंगणी भिंत आली आणि मी नेमका त्या भिंतीच्या रेषेत सापडलो. मला उचलून कुणाच्या वाट्याला देता येईना, म्हणून मी दोघांचाही राहिलो. पूर्वेकडून थोरल्या जाऊबाईंनी माझ्यावर मिरीची वेल चढवली. बऱ्याच वर्षांनी पश्चिमेकडून धाकटीने व्हॅनिलाची वेल लावली. धाकटीने ती काडी माहेरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तिच्या आईच्या बागेतली ती शेवटची काडी. माहेरची ती बाग पुढे वाळून गेली.

दोघींचे ओझे मी अंगावर घेतले आहे, म्हणून दोघींचे स्वभाव मी सांगू शकतो. मिरी सांध्यासांध्याला मुळे फोडून माझी साल घट्ट धरते आणि कुणी न सांगता वर जाते. तिच्या फुलांना वारा आणि पावसाचे पाणी पुरते. तिला थोडी सावली चालते, पण घोस भरायचे तर उजेड हवा. म्हणून दर वर्षी पावसाआधी माझ्या पूर्वेकडच्या फांद्या छाटल्या जातात. घोसातला एखादा दाणा लाल झाला की शिडी लावून ते उतरवायचे, दाणे मोकळे करून उन्हात टाकायचे. काळे पडले, सुरकुतले की झाले काम. मग ती रोजच्या भाजीत पडते आणि खोकल्याच्या काढ्यातही.

व्हॅनिलाचे सगळेच निराळे. ती उंच गेली तर फुलत नाही. तिला पुन्हा पुन्हा खाली वळवून हाताच्या उंचीवर ठेवावे लागते. तिची मुळे जमिनीच्या अगदी वर असतात, त्यांना पाचोळ्याचे पांघरूण लागते. दुपारचे ऊन तिला सोसत नाही. म्हणून पश्चिमेकडच्या माझ्या फांद्यांना कोयता लावायची बंदी. फूल एका सकाळीच उमलते, आणि त्या सकाळी माणसाच्या हाताने बारीक काडी घेऊन आतला पडदा उचलून पराग टेकवला नाही, तर ते दुसऱ्या दिवशी गळून पडते.

आता माझी अवस्था बघा. एका बाजूने बोडका, दुसऱ्या बाजूने भाराने लवलेला. वर्षानुवर्षे मी पश्चिमेकडे झुकत गेलो. पूर्वेची मुळे जमिनीतून वर येऊ लागली. बसावेसे वाटते, पण झाडाला बसता येत नाही.

तीन वर्षे थांबल्यावर धाकटीची वेल पहिल्यांदा फुलली. ती पहाटे उठून काडी घेऊन येई, आणि भिंतीपलीकडून थोरली बघत राही.

"काय गं, उठल्या का तुझ्या राजकन्या?" थोरली विचारी. "माझी मिरी बघ, तिचं ती निभावते. तुझ्या फुलांना रोज मध्यस्थ लागतो."

"लाजाळू आहेत हो ताई."

"लाजाळू कसल्या, आळशी आहेत! आणि वास? केकला म्हणे हिचा वास, आइस्क्रीमला हिचा वास. मला तर काही येत नाही."

"हिरव्या शेंगेलाही नसतो. ती गरम पाण्यातून काढायची, घोंगडीत गुंडाळायची, रोज थोडं ऊन दाखवायचं. असे महिने काढले की मग येतो."

"म्हणजे जन्मभर सासुरवास!" थोरली म्हणाली आणि दोघी हसल्या.

त्याच आठवड्यात धाकटी धुण्याच्या दगडावर घसरली आणि उजवे मनगट मोडले. हाताला प्लास्टर घालून ती दुसऱ्या सकाळी आली. डाव्या हाताने तिने एक फूल धरले, ते फाटले. दुसरे फाटले. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"सर बाजूला," भिंत ओलांडून आलेली थोरली म्हणाली. "दाखव कसं करायचं ते."

धाकटीने दाखवले. थोरलीचे हात शिवणकामाचे, सुईत दोरा ओवणारे. तिला ते लगेच साधले. पण हाड नीट बसले नव्हते. दुपारी धाकटीला शहरातल्या दवाखान्यात नेले आणि तिचा तिथला मुक्काम लांबला. कसे करायचे ते तिने सांगितले होते; किती करायचे ते दुखण्याच्या भरात राहून गेले.

थोरलीने एकही सकाळ चुकवली नाही. तिला ठाऊक होती ती मिरी. जितके दाणे धरतील तितके बरे, हाच तिचा हिशेब. तिने प्रत्येक घोसातले प्रत्येक फूल फळवले. माझ्या अंगावरची ती कोवळी वेल शेंगांनी लगडली. माझ्या सालीवरची तिची पकड दिवसेंदिवस ढिली होत होती. मला ते कळत होते, मित्रांनो. पण झाडाचे ऐकतो कोण?

धाकटी परतली तेव्हा थोरलीने तिला हाताला धरून माझ्यापाशी आणले. "बघ! एक फूल वाया जाऊ दिलं नाही."

धाकटीचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "किती केलंत ताई."

पुढचे काही दिवस ती दुपारी एकटीच येई. एखाद्या शेंगेला हात लावी, आणि न तोडताच परत जाई. जिने इतक्या मायेने फळवले, तिचे दान तोडून मातीत कसे टाकायचे? आणि न टाकावे तर वेल जाणार. पाने पिवळी पडू लागली, खोडाला सुरकुत्या आल्या. शेवटी थोरलीनेच विचारले, "हिला झालंय काय? पाणी कमी पडतंय का?"

तेव्हा धाकटीचा बांध फुटला. "पाणी नाही ताई. शेंगा जास्त झाल्यात. माझ्या आईनं पहिल्याच वर्षी सगळ्या धरू दिल्या होत्या. पुढच्या वर्षी वेल उभ्यानं वाळली. घोसात सात-आठच ठेवायच्या असतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला काय वाटेल म्हणून."

"म्हणजे मला बरं वाटावं म्हणून वेल मारणार होतीस?" थोरलीचा आवाज चढला. मग ती भिंतीवर बसली. तिथूनच तिने चिडून विचारले, "पण ही तरी एवढं ओझं घेते कशाला? नको म्हणायला काय होतं?"

"तिला नको म्हणता येत नाही. जेवढं द्याल तेवढं धरते."

थोरलीने एक लगडलेला घोस तळहातावर तोलून पाहिला. ती या घरात आली तेव्हापासून मी तिला पाहत आलो आहे. सासूचे आजारपण, दिराचे शिक्षण, नणंदांची बाळंतपणे, लोकांची शिवणे; ज्याने जे पुढे केले ते तिने पदरात घेतले.

"हा स्वभाव ओळखीचा आहे गं माझ्या," ती म्हणाली आणि उठली. "चल, सांग. कोणत्या काढू?"

धाकटी बोट दाखवत गेली आणि थोरली तोडत गेली. शेंगांचा चिकट रस तिच्या बोटांना लागला, खाज सुटली. पण स्वतःच फळवलेल्या शेंगा तिने एकेक करून स्वतःच उतरवल्या. शेवटची काढून तिने दम खायला माझ्या बुंध्यावर हात ठेवला आणि वर पाहिले.

"हा एवढा कधी कलला?"

"मी आले तेव्हापासून कलतोच आहे, ताई."

पावसाआधी छाटणीवाला कोयता घेऊन आला. थोरली त्याला म्हणाली, "माझ्या बाजूच्या दोन फांद्या राहू दे. पलीकडची ती शेंड्याची जड फांदी तेवढी उतरव, हिच्या वेलीला ऊन लागणार नाही अशी. आणि एक टेकू लाव."

"दर वर्षी म्हणता बोडका कर. यंदा काय झालं?"

"यंदा त्याचंही बघायचंय."

मिरी त्या हंगामात थोडी कमी धरली. थोरलीने तक्रार केली नाही. राखलेल्या शेंगा पिकल्या, धाकटीच्या ओसरीवर घोंगडीत मुरल्या, आणि एका दुपारी घोंगडी उलगडताच वास भिंत ओलांडून आला. थोरलीने शिलाईयंत्र थांबवले. "बरं बाई, हरले!" एवढेच ती ओरडून म्हणाली.

मित्रांनो, माझी विनंती लहानशी आहे. कुणालाही ऊन, पाणी, काम किंवा माया देताना, त्याला किती पेलते ते आधी विचारा. जो नको म्हणत नाही, त्याला तर दोनदा विचारा. आणि ज्याच्या अंगावर सगळे चढले आहेत, त्याच्याकडेही कधीतरी मान वर करून बघा.

पुढच्या हंगामात व्हॅनिलाला नवी पाने आली, पण फूल आले नाही. थोरली सवयीने सकाळी काडी घेऊन आली.

"आज काही नाही?"

"नाही ताई. दमलीय ती."

"दमू दे," थोरली म्हणाली. काडी तिने केसांत खोचली आणि भिंतीवर, धाकटीशेजारी बसली. मग डोळे मिटून तिने डोके माझ्या बुंध्याला टेकवले. ती पहिल्यांदाच अशी रिकाम्या हातांनी बसली होती. मी जमेल तितका सरळ उभा राहिलो.